सात फ्रेंच, सोळा इंग्रजी

यादीत युलाली मासिंगचे नाव होते, पण चुकीच्या यादीत. हे तिला सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी कळले. पेपर नऊला होता.

परीक्षा बंदराजवळच्या शाळेत होती. दोन वर्ग रिकामे करून एकाच्या दारावर ‘फ्रेंच’ आणि दुसऱ्याच्या दारावर ‘इंग्रजी’ अशा चिठ्ठ्या डकवल्या होत्या. युलाली सरळ फ्रेंचच्या दारात गेली. तिथल्या यादीत सात नावे होती. तिने ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. सातांत ती नव्हती.

“मासिंग ना? तुम्ही पलीकडे,” मागून आवाज आला. यादी करणारा कारकून नेहेमाया मालनाती उभा होता. पन्नाशीचा, टापटीप माणूस. शर्टाच्या खिशात तीन पेने.

“पलीकडे इंग्रजी आहे.”

“हो. तिथे अकरावं नाव तुमचंच आहे.”

“मी इंग्रजी शिकलेले नाही, भाऊ.”

“असं कसं? तुम्ही ओर्नाबातच्या ना?”

“ओर्नाबातचीच.”

“मग झालं तर. ओर्नाबात म्हणजे प्रेसबिटेरियन. प्रेसबिटेरियन म्हणजे इंग्रजी. सगळ्या मालेकुला बेटाला माहीत आहे.”

त्याचे म्हणणे गावापुरते खरे होते. ओर्नाबातमध्ये ख्रिस्ती देऊळ एकच, प्रेसबिटेरियन पंथाचे. शाळाही त्यांचीच, इंग्रजी. पण युलालीचे वडील सावध गृहस्थ. त्यांच्या तरुणपणी या बेटांवर दोन सरकारे एकाच वेळी राज्य करत, एक इंग्रजांचे आणि एक फ्रेंचांचे. दोघांचे पोलीस वेगळे, तुरुंग वेगळे, आणि कोण टिकणार हे कुणालाच ठाऊक नव्हते. शेवटी दोघेही गेले. देश स्वतंत्र झाला आणि बिस्लामा ही बेटांची सामाईक बोली, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तिन्ही राजभाषा झाल्या. वडिलांची सावधगिरी मात्र राहिली. सगळी कोनफळं एकाच वाफ्यात लावू नयेत, असे म्हणत त्यांनी थोरल्या युलालीला डोंगरापलीकडच्या सेंत-आन या कॅथलिक मिशनच्या फ्रेंच शाळेत घातले आणि धाकट्या आबेलला गावातल्या इंग्रजी शाळेत. बेटांवर असे करणारे ते एकटे नव्हते.

मिशनमध्येच पुढे तिने सिस्टरांच्या हाताखाली दवाखान्याचे काम शिकून घेतले. हिवताप, बाळंतपण, जखमेला टाके, कुठल्या वजनाच्या मुलाला किती गोळी, हे सगळे तिच्या डोक्यात फ्रेंचमध्ये बसले होते. रोग्यांशी ती गावच्या बोलीत बोले, परगावच्यांशी बिस्लामात. मोजणी मात्र फ्रेंचमध्ये करी.

गेली अकरा वर्षे ओर्नाबातचा एका खोलीचा दवाखाना तीच चालवत होती. आता आरोग्य खात्याने फर्मान काढले होते: यंदाची पात्रता परीक्षा पास होणार नाही त्याने पुढच्या महिन्यात किल्ली जमा करावी. दुसरी सेविका मिळेपर्यंत दवाखाना बंद. त्यानंतरचा जवळचा दवाखाना पायी चार तासांवर, आणि वारे सुटले की होडीही जात नाही. ओर्नाबातमध्ये सध्या तीन बायांना दिवस गेलेले होते. त्यांतल्या एकीचे मागचे मूल आडवे आले होते.

“तुम्ही मला विचारलं का नाही?” युलाली म्हणाली.

“कुठे विचारणार? नावं फोनवर आली. तुमच्या गावच्या फोनला वाऱ्यावर रेंज. नाव कळलं, गाव कळलं, लाइन तुटली. तेवीस जणांना परत फोन करत बसलो असतो तर परीक्षा नाताळला झाली असती.” मग त्याने जरा नरमाईने विचारले, “थोडंफार तरी येत असेल ना इंग्रजी? बघा तरी पेपर कसा असतो तो.”

गेल्या वर्षीचा पेपर नमुना म्हणून त्या त्या भाषेत दोन्ही दारांशी टांगला होता. युलालीने इंग्रजीतला चाळला. औषधांची नावे ओळखीची होती. त्यांच्या आजूबाजूची वाक्ये ओळखीची नव्हती. एका प्रश्नात चार उपाय दिले होते. त्यांतला करायचा कोणता हे विचारले होते की करू नये तो कोणता, एवढेच तिला कळेना. आणि सगळा प्रश्न तेवढ्यातच होता.

“मला फ्रेंच पेपर द्या,” ती म्हणाली. “फ्रेंच काही माझ्या घरची हौस नाही. राजभाषा आहे. घटनेत लिहिलंय, तिन्हींतल्या आपल्या भाषेत सरकारी काम करून मागायचा मला हक्क आहे.”

“तिन्ही म्हणता, मग बिस्लामात बोलतोच आहोत की आपण. घरी बिस्लामा, बाजारात बिस्लामा, आणि कागद आला की सगळ्यांना ऐट.”

“मग काढा पेपर बिस्लामात. मी आत्ता बसते.”

नेहेमायाने खिशातली पेने सारखी केली. तो मॅडमना बोलवायला गेला.

मॅडम म्हणजे सेलिना तोआरा. पेपरांची सीलबंद पाकिटे घेऊन राजधानीहून, पोर्ट विलाहून, आदल्या दिवशीच्या विमानाने आलेल्या. त्या तिन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलत आणि तिन्हींत कमी बोलत. त्यांनी युलालीचे सगळे ऐकून घेतले.

“तुमचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “हक्क आहे. पेपर नाही.”

“म्हणजे?”

“यादीत फ्रेंच सात, इंग्रजी सोळा. पाकिटात फ्रेंच सात, इंग्रजी सोळा. वरचा एकही नाही.”

“झेरॉक्स मारा एक. शाळेत मशीन आहे.”

“मारली तर पेपर फुटला असं होतं. तुमचाच नाही, तेवीसच्या तेवीस रद्द. जाताना मला लिहून द्यायचंय, फ्रेंच इतके वाटले, इंग्रजी इतके वाटले. आकडा पाकिटावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. नाव कुणी कुठलं लिहिलं ते तिकडे कुणी बघत नाही. आकडा बघतात.”

तरी त्यांनी पोर्ट विलाला फोन लावला. युलाली दोन हातांच्या अंतरावर उभी राहून त्यांचा चेहरा बघत होती. मॅडम तीन वेळा “हो” म्हणाल्या, एकदा “कधी?” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

“साहेब म्हणतात, तुमचा मुद्दा पक्का आहे. लेखी तक्रार द्या. भाषेच्या तक्रारींसाठी वेगळे अधिकारी आहेत, ते निकाल देतील. तुमच्या बाजूनेच लागेल.”

“किती दिवसांत?”

“तीन महिने.”

“आणि किल्ली पुढच्या महिन्यात.”

“हो,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी घड्याळाकडे बघितले नाही, पण युलालीने बघितले. आठ पस्तीस.

तिचा भाऊ आबेल कुंपणाला टेकून उभा होता. पहाटे त्यानेच तिला होडीने आणले होते. ती बाहेर आली तसा तो म्हणाला, “काय गं ताई, कुठे बसवतायत?”

तिने सांगितले.

“मी बसतो तुझ्या जागी. इंग्रजी मला येतंच.”

“आणि गोळ्या?”

“गोळ्या काय, लाल असली की ताप, पांढरी असली की पोट.”

“म्हणूनच तुला मी दवाखान्याच्या पायरीवरसुद्धा बसू देत नाही,” ती म्हणाली. पण तिचे लक्ष त्याच्याकडे नव्हते. ती एका जुन्या गोष्टीचा विचार करत होती: एकाच बापाने दोन मुलांना दोन शाळांत घातले. मग ती परत आत गेली. नेहेमाया बाकांवर क्रमांक चिकटवत होता.

“भाऊ, एक विचारू? सगळी यादी तुम्ही गाव बघूनच केलीत?”

“तेवीसच्या तेवीस. या तीन बेटांवरचं एक गाव सांगा, त्याचं देऊळ मला माहीत नाही असं.” यात त्याला थोडा अभिमानही होता.

“आणि कॅथलिक गावांतले सगळे फ्रेंचमध्ये?”

“मग काय इंग्रजीत?”

युलालीने मनाशी हिशोब केला. प्रेसबिटेरियन गावात तिच्या वडिलांसारखा एक सावध बाप असेल, तर कॅथलिक गावातही एखादा असणारच. ओर्नाबातची पोर फ्रेंच शाळेत जाते, तसा तिकडचा एखादा पोर इंग्रजी शाळेत गेला असेल. त्यालाही नेहेमायाने देऊळ बघून बसवले असेल. आणि तसा कुणी असेल तर तो याक्षणी फ्रेंचच्या वर्गात, सातांत बसलेला असणार.

पण मग तो बोलत का नाही?

फ्रेंच वर्गाचे दार उघडे होते. सातही जण बाकांवर बसून पेन चालते का बघत होते. युलाली चौकटीला टेकली आणि शेजारणीशी बोलावे तशा सहज फ्रेंचमध्ये म्हणाली, “आमच्या सिस्टर सांगायच्या, परीक्षेला उपाशीपोटी येऊ नका. आणि कालचं कोनफळाचं लापलाप खाऊन आलात तर कृपा करून पहिल्या बाकावर बसू नका.”

पहिल्या बाकावरची बाई तोंडावर हात ठेवून हसली. तिच्या मागचे हसले. तिसऱ्या रांगेतल्या एका दांडग्या माणसाने आधी डावीकडे बघितले, मग उजवीकडे बघितले, आणि सगळे हसतात असे पाहून तोही हसला.

सहा आणि एक. युलालीने मोजले.

तिने आबेलला कुंपणाशी गाठले. तो बंदरावरच्या निम्म्या लोकांना ओळखत असे. “तो तिसऱ्या रांगेतला, निळ्या शर्टातला. कोण आहे?”

“फिदेल बोंग. शेजारच्या आंब्रिम बेटाचा. चांगला माणूस आहे, त्याच्या बोटीचं इंजिन मीच—”

“इथल्या नेहेमायाशी त्याचं काही नातं?”

“नेहेमायाची बायको फिदेलची सख्खी बहीण. म्हणजे नेहेमाया त्याचा दाजी. का गं?”

आता तिला कळले. ज्याच्या घरी बहीण दिली त्याची चूक चारचौघांत काढायची नाही, हा रिवाज मालेकुलातही होता आणि आंब्रिममध्ये तर त्याहून कडक. दाजीच्या डोक्यावरून हात नेऊन फळीवरचा डबासुद्धा काढायचा नाही, तिथे ‘तुमची यादी चुकली’ कोण म्हणणार? फिदेल तो फ्रेंच पेपर कोरा देईल, नापास होईल, किल्ली जमा करील आणि गावाला सांगेल की पेपर अवघड होता.

तिने जाऊन बोट दाखवले असते तर फिदेलने नाकारले असते. खाली मान घालून ‘मला येतं फ्रेंच’ म्हणाला असता. त्याला बोलते करायचे तर त्याच्या तोंडून कुणाची चूक निघता कामा नये.

आठ सत्तेचाळीस झाले होते. युलाली मॅडमकडे गेली.

“मॅडम, एकच विनंती. पाकीट फोडायच्या आधी दोन्ही वर्गांत हजेरी घ्याल?”

“ती घेणारच आहे.”

“नाव, गाव, आणि सहावी कुठल्या शाळेत झाली ते. प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगायचं. कोण कुठे बसलंय ते विचारू नका. फक्त शाळा.”

मॅडमनी तिच्याकडे नीट बघितले. “कुणी सांगितलंय तुम्हाला काही?”

“कुणी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. म्हणूनच शाळा विचारा.”

मॅडमनी वही उचलली. “नेहेमाया, तुम्ही इंग्रजीच्या वर्गातली हजेरी घ्या. इकडची मी घेते.”

दाजी वर्गाबाहेर गेला, हे त्यांनी मुद्दाम केले की आपसूक झाले, हे युलालीला शेवटपर्यंत कळले नाही. ती दाराबाहेर उभी राहिली. पहिल्या बाकावरच्या बाईने सांगितले: सेंत-आन मिशन. दुसऱ्याने, तिसरीने फ्रेंच शाळांचीच नावे सांगितली. मग निळा शर्ट उभा राहिला. मॅडम त्याच्याशी बिस्लामात बोलल्या.

“नाव?”

“फिदेल बोंग.”

“गाव?”

त्याने सांगितले. आंब्रिमच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कॅथलिक गाव.

“सहावी?”

त्याने आधी दाराकडे बघितले. बाहेर कोंबडा आरवला. युलालीने दाराची चौकट घट्ट धरली.

“मी आत्याकडे राहायला होतो, मॅडम,” फिदेल म्हणाला. “पलीकडच्या किनाऱ्याला. तिथली शाळा इंग्रजी होती. तुम्ही विचारलंत म्हणून नुसतं सांगतोय.”

“मीही नुसतंच विचारलं,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी वहीत लिहिले, उरलेल्या तिघांना विचारले, आणि मग दाराकडे वळल्या. “मासिंग बाई, तुमची सहावी?”

“सेंत-आन मिशन.”

“मग तुम्ही त्या तिसऱ्या रांगेत या. बोंग, तुम्ही पलीकडे अकराव्या बाकावर. फ्रेंच सात, इंग्रजी सोळा. आकडा होता तसाच आहे.”

फिदेल उठला. दारातून जाताना तो युलालीपाशी थांबला नाही, पण जाता जाता पुटपुटला, “सुटलो, ताई.” मग पलीकडच्या वर्गात शिरताना दारातल्या नेहेमायाला वाट द्यायला तो बाजूला सरकला आणि खाली बघत म्हणाला, “मॅडमनी इकडे बसायला सांगितलं.” नेहेमायाने हातातली यादी वाचली. तिच्यातले अकरावे नाव वाचले. मेहुण्याच्या निळ्या शर्टाकडे बघितले.  त्याने खिशातले एक पेन काढून अकरावे नाव खोडले, वर फिदेलचे लिहिले आणि दुसऱ्याच कुणाला तरी मोठ्याने म्हणाला, “खिडकी लावा ती, कागद उडतील.”

पेपर नऊ वाजून चार मिनिटांनी सुरू झाला.

युलालीने पहिला प्रश्न वाचला. बारा किलोच्या मुलाला ताप, दोन दिवसांपासून, नुकतीच आकडी येऊन गेलेली; आधी काय कराल? तिने तो एकदाच वाचला. असे मूल तिने गेल्या पावसाळ्यात स्वतःच्या मांडीवर धरले होते. तिचे खांदे खाली आले. इतका वेळ ते कानापर्यंत चढलेले होते हे तिला तेव्हा कळले. बाळंतपणाच्या प्रश्नाला तिने दीड पान लिहिले, अर्धे पुरले असते.

बारा वाजता सगळे बाहेर, फणसाच्या जातीच्या एका मोठ्या निरफणसाखाली आले. बाया पानात गुंडाळलेले लापलाप सोडत होत्या. फिदेल तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसला.

“मला वाटलं, निदान ओळखीचं काही दिसेल,” तो म्हणाला. “तुम्ही यायच्या आधी तो नमुन्याचा फ्रेंच पेपर वाचला. तीन वेळा. पॅरासिटामॉल एवढंच कळलं.”

“म्हणजे माझ्यापेक्षा बरं. मला इंग्रजीत तेही अर्धंच कळलं.”

“काय केलं असतं तुम्ही, मी बोललो नसतो तर?”

“तक्रार लिहिली असती. फ्रेंचमध्ये. तीन महिन्यांनी जिंकले असते.”

तो मोठ्याने हसला, इतका की आबेल कुंपणावरून वाकून बघायला लागला.

नेहेमाया एका ताटात गातो, म्हणजे पिठाचे तळलेले गोड गोळे, घेऊन आला. ताट त्याने युलालीसमोर ठेवले, पण फिदेलचा हात पोहोचेल असे. “घरून आलंय,” तो म्हणाला. “घरून” म्हणजे बायकोकडून, हे तिघांनाही कळले. मग थोडे थांबून तो युलालीलाच म्हणाला, “पुढच्या वर्षी शाळा विचारीन. फोन तुटला तरी परत लावीन.”

“एक गोष्ट मात्र खरी,” युलाली म्हणाली. “तेवीसातली एकवीस तुम्ही नुसत्या देवळावरून बरोबर लावलीत.”

“एकवीस म्हणजे काही कमी नाही,” फिदेल ताटाकडे बघत म्हणाला. रिवाजाने एवढे बोलायला हरकत नव्हती.

नेहेमायाने एक गातो उचलून तोंडात टाकला आणि कामाला गेला.

निकाल पाच आठवड्यांनी आला, मालवाहू बोटीने, लांब खाकी पाकिटात. खात्याचा कागद होता. वरचा अर्धा फ्रेंचमध्ये, खालचा अर्धा इंग्रजीत. युलालीने वरचा भाग वाचला, कागद मधोमध दुमडला आणि आबेलपुढे धरला.

“खालचं वाच.”

आबेलने बोट ठेवून वाचले. “यात तर तू पास आहेस. शंभरात एक्याऐंशी. वर काय लिहिलंय?”

“तेच.”

“नक्की? नाहीतर परत पाठवू.”

युलाली दवाखान्याच्या पायरीवर बसली.  तिच्या शेजारी आबेलही टेकला, आणि त्या दिवशी तिने त्याला उठवले नाही. मागच्या खेपेला जिचे मूल आडवे आले होते ती बाई अजून बाळंत व्हायची होती, तिचे दिवस भरत आले होते. ती समोरच्या वाटेने कमरेवर हात ठेवून सावकाश येत होती.

“काय गं, चालू राहणार ना?” तिने लांबूनच विचारले.

“राहणार,” युलाली म्हणाली. “ये, रक्तदाब बघू तुझा.”